सासूबाईंची वरची कवळी

"सासूबाईंच्या विम्याचे पैसे मी अर्ध्या तासात परत आणतो!" जेवता जेवता मी जाहीर केलं.

"तुम्ही?" बायको म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावर वेगळा लेख होईल.

आता तुम्हीच सांगा, मी नाही तर कोण? मी गाद्यांच्या दुकानात सेल्समन आहे. रात्रभर झोप न येणाऱ्याला मी गादी विकतो आणि बसल्या जागी घोरणाऱ्यालाही विकतो. विकणाऱ्याची नाडी मला नाही कळणार?

प्रकरण असं होतं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली की निरोपाला मिळालेलं घड्याळसुद्धा कधीच बंद पडलं. त्यांनी कवळीसाठी बँकेतून छोटं कर्ज काढलं. तिथल्या टायवाल्याने त्या कर्जाबरोबर हळूच एक विमाही चिकटवला. नोकरी गेली, तर कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरणार! पेन्शनर बाईची नोकरी जाणार कुठून? पण प्रीमियम मात्र कर्जातूनच आधी कापून घेतला. उरलेल्या पैशांत खालची कवळी तेवढी हातात आली. वरची दंतवैद्याच्या कपाटात डबीत बसली. "पैसे आणा, घेऊन जा," असं त्याने सांगितलं होतं.

खालचे दात बिचारे वर कोणी भेटेना म्हणून नुसते बसून असायचे. जेवणाचं एक वेळ ठीक, सगळं कुस्करून खाता येतं. पण सासूबाईंनी बोलणंच सोडलं हो! मैत्रिणींचे फोन आले की हातानेच खुणावायच्या, 'नाही म्हणून सांगा.' जिच्या आवाजावर अख्खं एक्स्चेंज चाललं, ती बाई फोनला घाबरते, हे मला बघवेना.

तेव्हा गेलो बँकेत. टायवाल्याने आधी खुर्ची दिली. मग पाणी. मग म्हणाला, "सर, तुमच्यासारखे समजूतदार ग्राहक हल्ली कुठे येतात!" मग आवाज खाली आणून त्याने अचानक येणाऱ्या संकटांची अशी काही भीती घातली की वा! काय हात! काय तयारी! मी स्वतः ग्राहकाला आधी मऊ गादीवर बसवतो आणि मग मणक्यांविषयी बोलतो, तीच ही विद्या. कलावंताने कलावंताला दाद द्यायला नको?

मी दाद दिली. येताना नवंकोरं क्रेडिट कार्ड घेऊन आलो.

"आणि आईचे पैसे?"

"ते विचारायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी कार्ड परत करायला गेलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! कार्ड तर खिशात राहिलंच, वर कार्डाचा विमा काढून आलो. माझी नोकरी गेली, तर बिल विमा कंपनी भरणार!

बायकोने कपाळावर हात मारला. "आता तिसऱ्यांदा गेलात ना, तर अख्खी बँकच घेऊन याल! हप्त्यांवर!"

सासूबाई उठल्या. त्यांनी चपला घातल्या आणि मला मानेनेच 'चला' म्हटलं.

बँकेत त्या टायवाल्यासमोर बसल्या. एका हाताने तोंड झाकलं आणि म्हणाल्या, "माझी नोकरी गेली. विम्याचे पैसे द्या."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो! टायवाल्याने चेहरा दुःखी केला. "अरेरे! कधी गेली, आजी?"

"कर्ज घ्यायच्या कितीतरी आधी. रिटायर झाले."

"हॅ हॅ! मग कसे मिळतील? हा विमा नोकरी करणाऱ्यांसाठी असतो. तुम्हाला लागूच नाही!"

"लागूच नाही?"

"नाही ना!"

"मग मला विकला कोणी?"

टायवाल्याने टाय सैल केला. मला गादीच्या किमती पाठ आहेत, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"लागू नाही, एवढं लिहून द्या," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्ही उद्या या."

"मी लाइनवर आहे."

आणि त्या खरंच लाइनवर राहिल्या! मांडीवर पर्स, तोंडावर हात, ओरडणं नाही, चिडणं नाही. टायवाला जेवून आला, त्या तिथेच. मॅनेजर बाहेर आला. त्यालाही त्यांनी त्याच गोड आवाजात पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, त्यापेक्षा आमची एक नवी योजना आहे..."

"मी लाइनवर आहे."

शिपायाने शटर अर्ध्यावर आणलं तेव्हा मॅनेजरने हात टेकले. प्रीमियम व्याजासकट परत द्यायचा हुकूम सुटला. मला इतकं भरून आलं की तिथल्या तिथे सासूबाईंना लोटांगण घालावंसं वाटलं. त्याच भरात मी पुढे सरसावलो. "आणि माझा विमा?"

"तुम्हाला नोकरी आहे?" मॅनेजरने विचारलं.

"आहे की!"

"मग तुमच्यासाठी तो अगदी योग्य आहे!"

पैसे जमा होताच आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वरची कवळी बसवली आणि सासूबाईंच्या दोन्ही हातांत भला मोठा आरसा दिला. त्यांनी ओठ मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "हॅलो?"

काय आवाज होता! बायको चक्क रडायला लागली. माझेही डोळे पाणावले, आणि नेमक्या त्याच वेळी काउंटरवरच्या बाई माझ्याशी बोलायला लागल्या. फार सुरेख बोलत होत्या. कवळी हातातून निसटून फरशीवर पडते तेव्हा कसा आवाज होतो, ते त्यांनी असं रंगवलं की माझ्या अंगावर काटा आला. वर्षाला थोडेसे पैसे भरले की नवी कवळी फुकट! त्यांनी पेन दिलं. मी ते कागदावर टेकवलं.

सासूबाईंच्या दोन्ही हातांत आरसा होता. त्या तशाच वाकल्या आणि माझ्या हातातलं पेन दातांनी काढून घेतलं.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "पकड मस्त बसली आहे!"