नळाखालची बादली

“मामा, पाण्याची काळजी माझ्यावर सोडा! एक थेंब इकडचा तिकडं झाला, तर डिग्री परत करीन!”

न्हावऱ्याच्या इंद्रजीतनं हे गोव्याच्या धक्क्यावरच जाहीर केलं होतं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेला माणूस, बोलणार ते आकड्यांतच. टाकीत तीनशे लिटर, दोन कॅनमध्ये चाळीस. माणसं तीन, माणशी रोज चार लिटर, सेशेल्सपर्यंत दिवस अठरा. वर शिल्लकही राहत होती! वहीत तक्ता, तक्त्याला आलेख, आलेखाला दोन रंग.

बोट स्टीफनमामांची. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या मामांनी तीस वर्षं लोकांची मालवाहू जहाजं हाकली. आता स्वतःच्या शिडावर एकदा समुद्र ओलांडायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. बोटीचं नाव गावच्या नदीचं, ‘घोडनदी’, आणि नियम एकच : उरलेल्या दिवसांना माणशी तीन लिटर पुरणार नसतील, तर बोट माघारी!

इंद्रजीतचा कारभार कडक होता. भांडी समुद्राच्या पाण्यानं, आंघोळही त्याच पाण्यानं, भातातही निम्मं तेच.

“भांडी खारट, अंग खारट,” मामांच्या पत्नी कृपामामी म्हणायच्या, “आता भाकरीला मीठच लावत न्हाई बघ. नुसता हात लावला तरी पुरतंय!”

“मामी, चार दिवसांत बरोबर अठ्ठेचाळीस लिटर गेले. टाकीत दोनशे बावन्न!”

“व्हय रं बाबा. तहान लागली की तुझी वहीच चोखते.”

पाचव्या दिवशी सकाळी इंद्रजीत दात घासायला पुढच्या मोरीत गेला. नळ सोडला. नळ कोरडा! टाकीचा पंप बॅटरी वाचवायला मामा बंद ठेवायचे, हे त्याला पाठ होतं. पण हाताला पाठ नव्हतं. त्याच्या हातानं जन्मभर जे केलं तेच केलं. नळ उघडाच सोडला आणि कोपऱ्यातली बादली पायानं नळाखाली सरकवली. तेवढ्यात वरून हाक आली.

“इंद्रा! शीड फडफडतंय, दोर धर!”

तो तसाच तोंडात ब्रश घेऊन वर पळाला. मामांनी बॅटरी चार्ज करायला इंजिन लावलं, मामींना पीठ मळायचं म्हणून पंपाचं बटणही दाबलं. इंजिन असं काही धडधडत होतं, जणू उसाचा ट्रॅक्टर चढाला लागलाय. त्यात बिचाऱ्या पंपाची गुणगुण कोण ऐकणार?

पंधरा मिनिटांनी मामा ओरडले, “आरं, हे काय?”

बोटीच्या कुशीतून पाण्याची जाडजूड धार समुद्रात पडत होती. बोटीच्या पोटात पाणी साचलं, की ते बाहेर फेकणारा दुसरा पंप आपोआप सुरू होतो. तो सुरू झाला होता.

“बोट फुटली! कृपा, जाकीट घाल! इंद्रा, तराफा सोडव!”

मामींनी एका काखेत बायबल मारलं, दुसऱ्या काखेत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. इंद्रजीत मात्र लिटरचा मग घेऊन कठड्यावरून उलटा लोंबकळत होता.

“मामा, हा मग साडेपाच सेकंदांत भरतोय! म्हंजी मिनिटाला जवळजवळ अकरा लिटर!”

“आरं बुडायला लागलोय आन् तू मापं काय घेतोय?”

“किती वेळात बुडणार ते कळायला नको?”

त्यानं मगातलं पाणी जिभेला लावलं आणि आनंदानं किंचाळला, “गोडं हाय! मामा, गोडं हाय! समुद्राचं न्हाई! बोट फुटलीच न्हाई!”

मामांनी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्ध्यातच अडकला.

“मग मुडद्या, हे आपलंच पाणी जातंय की!”

तोवर मामी पुढच्या मोरीत पोचल्या होत्या.

“नळ कुणी उघडा टाकलाय रं? आन् खाली बादली बी लावलीय! ती भरून सगळं मोरीतनं बोटीच्या पोटात गेलं की!”

तिघंही शिरूर तालुक्यातले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गावात नळाला पाणी कवा येईल, याचा नेम नसतो. म्हणून नळ सोडून खाली बादली लावायची. बादली वाजली, की समजायचं पाणी आलं.

“इंद्रा,” मामा शांतपणे म्हणाले, “हितं भर समुद्रात ग्रामपंचायत पाणी सोडणार व्हती का?”

टाकीत पंच्याहत्तर लिटर उरले होते. कॅनचे चाळीस धरून एकशे पंधरा. उरलेल्या चौदा दिवसांना लागणार एकशे सव्वीस. मामांनी सुकाणूला हात घातला. तीस वर्षांची इच्छा वळायला निघाली.

“थांबा!” इंद्रजीत ओरडला. “बादली! बादलीत पंधरा लिटर हायेत! एकशे तीस! चार लिटर शिल्लक! मामा, मी बादली लावली म्हणून वाचलो!”

मामांचा हात थांबला. मामींनी भरलेली बादली जपून वर आणली आणि आत वाकून पाहिलं.

“इंद्रा, ह्यात तुझे मोजे हायेत.”

इंद्रजीतनं काल धुवायला टाकलेले मोजे दोन बोटांनी बाहेर काढले.

“घाबरू नको,” मामी म्हणाल्या. “पावणेदोनशे लिटरनं खळबळून निघालेत. एवढं स्वच्छ धुणं तुझ्या जन्मात झालं नसंल.”

मामांनी इंद्रजीतची वही मागितली, पेन्सिल काढली आणि हिशेब अगदी काटेकोर केला. पंधरा भागिले तीन. पाच.

“बोट पुढंच जाईल,” मामा म्हणाले. “पण पहिलं पाच दिवस तुझा कोटा ह्या बादलीतनं.”

इंद्रजीतनं मग भरला, डोळे मिटले आणि प्यायला. नंतर वहीत तारीख घालून नोंद केली : ‘चव – किंचित खारट. कारण – समुद्र नव्हे.’