न विचारलेला नवस

जावयाला "केस का वाढवतोयस?" असं विचारायचं नाही, असं सोलोमन रोहेकर यांनी २०१७च्या वसंतात ठरवलं. आयुष्यात त्यांनी दाखवलेला हा बहुधा एकमेव संयम. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

जावई केमार जमैकन घरातला, विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात कामाला. मुलीला, डॅनिएलाला दिवस गेले तेव्हा दोघं टोरोंटोजवळ मिसिसागात सोलोमन आणि त्यांची बायको फ्लॉरेन्स यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आली, आणि त्याच सुमारास केमारने न्हाव्याकडे जाणं बंद केलं. एरवी त्याचं डोकं कापलेल्या लॉनसारखं असे. आता काळेभोर, दाट, कुरळे केस प्रभावळीसारखे उभे राहिले.

त्यांची निगा म्हणजे तर विधीच. दर रविवारी सकाळी केमार वॉशरूममध्ये शिरे तो दुपारी बाहेर येई. केस धुवायचे, ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा, मग क्रीम, आणि तेल सगळ्यात शेवटी, पाणी आत कोंडून ठेवायला. (रोहेकरांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत. तेल आधी की पाणी आधी, यावर सोलोमन यांना बरंच बोलायचं होतं. बोलले नाहीत. संयम.) नंतर दोन-दोन बटांचे पीळ घालायचे, झोपताना सॅटिनची टोपी. आणि केसांना कोणी हात लावायचा नाही.

हे शेवटचं कळलं आणि सोलोमन यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा नवस आहे.

रोह्याला त्यांच्या बेने इस्रायली घरात मूल सुखरूप व्हावं म्हणून एलियाहू हन्नाबीला, म्हणजे नबी एलियाला, नवस बोलत आणि केस राखत, त्यांना कोणाचा हात लागू देत नसत. नवस फेडताना केस उतरवून मलिदा करत. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, पाच फळं आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना. आपल्यामागे या घरात मलिदा कोण करणार, ही सोलोमन यांची जुनी चिंता. डॅनिएलाला तो फक्त खाता येई. आणि चर्चमध्ये वाढलेला हा पोरगा गुपचूप आपल्या नबीसाठी केस राखून बसला होता. सोलोमन यांचे डोळे भरून आले.

फ्लॉरेन्स म्हणाली, "अहो, एकदा विचारून तरी बघा."

"नवस विचारतात का कुठे? बोलून दाखवला की वाया जातो."

तेव्हापासून ते त्या केसांचे राखणदार झाले. फ्लॉरेन्सच्या मोझेलमावशीने कौतुकाने हात पुढे केला, तर त्यांनी तो अधांतरीच धरला. केमारने ते पाहिलं. नंतर जिन्यात थांबून त्याने सांगितलं की ऑफिसात, एलेव्हेटरमध्ये जो तो केसांत बोटं घालून बघतो, नाहीतर कधी कापणार म्हणून विचारतो. "यू नेव्हर आस्क, डॅड," तो म्हणाला. तोवर तो त्यांना मिस्टर रोहेकर म्हणत असे.

त्याच संध्याकाळी सोलोमन यांनी टोरोंटोतल्या ओळखीच्या घरांना फोन करून नवसाची बातमी दिली. (विचारायचं नव्हतं. सांगायला बंदी नव्हती.)

ऑक्टोबरात मुलगी झाली. केमार केस उतरवायचं नाव घेईना. मग एका सकाळी बाळ शिंकलं आणि सोलोमन यांनी कॅलेंडर काढलं. न फेडलेल्या नवसाची फळं काय असतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. हल्लीच्या मुलांना सरप्राइज आवडतं, तर आपणही सरप्राइज मलिदा करावा. फ्लॉरेन्सला त्यांनी एवढंच सांगितलं की बाळासाठी मलिदा करू. तिने पोहे भिजवले. न्हावी त्यांनी जवळच्या प्लाझातून परस्पर बोलावला.

रविवारी दुपारी केमार बाळाला घेऊन वर आला. केस नुकतेच धुतलेले, मोकळे सोडलेले. लिव्हिंग रूममध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. मधोमध पांढरी चादर, तिच्यावर खुर्ची, आणि खुर्चीमागे मशीन घेऊन न्हावी.

"बस बेटा," सोलोमन सद्गदित होऊन म्हणाले. "युवर व्हाउ इज कम्प्लीट."

"व्हॉट व्हाउ?"

सोलोमन यांनी रोह्यापासून सुरुवात केली. केमारने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला की नवस वगैरे काही नाही. शाळेने बोट ठेवू नये म्हणून त्याची आई लहानपणापासून केस बारीक ठेवायची, पुढे ऑफिससाठी त्याने स्वतःच ठेवले. आपले केस मुळात दिसतात कसे, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता मुलीचेही असेच असतील, तर ते सांभाळायचे कसे हे बापाला यायला नको? "अँड आय लाइक इट, डॅड. दॅट्स ऑल."

"पप्पा," डॅनिएला म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट आस्क्ड."

न्हाव्याने मशीन चालूच ठेवलं होतं. शेवटी मोझेलमावशीने निकाल दिला. चादर अंथरली, पोहे भिजले, नबीचं नाव घेतलं, आता केस उतरल्याशिवाय उठायचं नाही. कोणाचे का असेनात.

केमारचा हात नकळत डोक्याकडे गेला. ते पाहून सोलोमन उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. सत्तरीतही त्यांचे केस शाबूत होते, आणि तो गर्व त्यांनी कोणापासून लपवला नव्हता.

"नवस माझाच होता," ते म्हणाले. (हे खोटं होतं. पण इतक्या माणसांत खरं बोलायची वेळ टळून गेली होती.)

मशीन कपाळापासून मानेपर्यंत फिरलं. सोलोमन यांचे हात न्हाव्याच्या कापडाखाली अडकलेले, म्हणून प्रार्थनेच्या वेळी मलिद्याचं ताट केमारने उचललं. फळं पाचच का, पोहे किती वेळ भिजवायचे, हे त्याने फ्लॉरेन्सला खालच्या आवाजात विचारून घेतलं. पुढच्या खेपेला खोबरं मी खोवतो, म्हणाला, फक्त मला आधी सांगा. सोलोमन यांच्या डोळ्यांत पाणी आलं. केस गेले डोळ्यांत, असं ते म्हणाले.

आठवडाभर फोन खणखणत राहिले. जावयाचे केस तर जागच्या जागी आहेत, मग सोलोमन नवस बोलला होता तरी कशाचा? सगळ्यांना फ्लॉरेन्सने एकच उत्तर दिलं.

"अक्कल येऊ दे, असा. केस देऊन झालेत. नबीकडून अजून काही आलेलं नाही."