नंदकुमारच्या टर्बोची हवा कुणी चोरली?

"माझ्या नजरेतून सुई सुटत नाही, नाकातून वास सुटत नाही आणि तावडीतून गुन्हेगार सुटत नाही," असं नरहर बेडेकर स्वतःविषयी सांगतो. पहिल्या दोन गोष्टींचा मला अनुभव नाही. तिसरीबद्दल म्हणाल तर त्याच्या तावडीत आजवर एकही गुन्हेगार आलेला नाही. तेव्हा न सुटण्याचं विधान खरंच धरायला हवं.

नोकरीभर त्यानं रेल्वेचे रूळ तपासले. निवृत्त झाल्यावर रूळ तपासू देईनात, म्हणून तो माणसं तपासू लागला. 'अखिल उत्तर भारतातील एकमेव मराठी गुप्तहेर' अशी कार्डं छापली आणि लखनौच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटली. त्याच्या मते गुप्तहेर गुप्त राहिला तर त्याला कामं कुठून मिळणार? सहायक म्हणून माझी नेमणूक त्यानं माझ्या गैरहजेरीत केली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. गैरहजेरीत झालेले ठराव मान्य करायची मला सवय आहे.

मंडळाची बिठूरची सहल तोंडावर आली होती. लखनौतला मराठी माणूस वर्षातून एकदा बिठूरला जाऊन पेशव्यांच्या आठवणीनं गहिवरतो आणि घाटावर बसून पुरी-भाजी खातो. यंदा सहलीच्या बसपुढे आपली मोटार धावेल, असं नंदकुमार साठेनं भर सभेत जाहीर केलं होतं. कारण त्यानं गाडीला नवा, थोरला टर्बो बसवून घेतला होता.

टर्बो म्हणजे काय, ते मला नंदकुमारनं इतक्यांदा सांगितलं की अखेर समजलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जितकी हवा कोंबली जाईल तितकी गाडी पळते. हवा किती कोंबली जातेय ते दाखवायला त्यानं एक मीटरही लावला होता. त्याचा काटा एकावर जायला हवा. तो अर्ध्यालाही पोचेना. जुन्या टर्बोवर गाडी बरी पळायची. नव्यावर ती सरकारी फायलीसारखी सरकू लागली.

"जो कोणी दोष शोधून काढील," नंदकुमार आम्हाला घरी बोलावून हताशपणे म्हणाला, "तो बिठूरपर्यंत माझी गाडी चालवील. शब्द आहे माझा!"

"जो कोणी म्हणजे मी पण?" आतून विनीतावहिनींनी विचारलं.

वहिनींकडे गाडीचा परवाना होता. चाचणीत त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या, नंदकुमार तिसऱ्या. पण लग्नाच्या बायकोच्या हाती त्यानं स्टिअरिंग कधी दिलं नव्हतं. आधी गाडी जुनी म्हणून, मग गाडी नवी म्हणून.

"हो हो, तू पण," नंदकुमार हसला. नरहरही हसला. दुसऱ्या दिवशी नरहरनं अमीनाबादेतून गाडी चालवायचे कातडी हातमोजे आणले.

प्रथम घटनास्थळाची पाहणी. आम्ही तिघं कानपूर रस्त्यानं निघालो. सीटवरचं मूळचं प्लास्टिक नंदकुमारनं अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वळणावर मी नरहरच्या मांडीवर जात होतो. अमौसीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. नंदकुमारनं पाय दाबला. मागे काळा धूर निघाला, पुढे काहीच झालं नाही. उसानं लादलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते नंदकुमारला फार लागलं.

"काळा धूर!" नरहर भिंगातून मागच्या काचेकडे बघत म्हणाला. "गुन्हेगार कोळशाशी संबंधित आहे."

"डिझेलची गाडी आहे, नरहरपंत."

"म्हणजे त्यानं माग पुसायचा प्रयत्नही केलाय."

पहिला संशयित होता तेलीबागचा शब्बन उस्ताद. टर्बो त्यानंच बसवला होता. नरहरनं त्याच्या गॅरेजात शिरता शिरताच गर्जना केली, "असली टर्बो कहाँ छुपाया?"

उस्तादनं हातातला पाना खाली ठेवला, बाक पुसला. "पहले तशरीफ़ तो रखिए हुज़ूर, इल्ज़ाम चाय के बाद लगा दीजिएगा।"

चहा आला. नरहरनं तो हुंगला. विष नसल्याची खात्री करायला माझा आधी मला प्यायला लावला, मग माझा संपल्यावर स्वतःचा प्यायला.

"हमारे यहाँ से गाड़ी कबूतर की तरह उड़ी थी," उस्ताद म्हणाला. "बस नया फ़िल्टर साठे साहब ने ज़िद की, घर पर खुद लगाएँगे। हमने कहा, जैसी मर्ज़ी।"

"विषयांतर करतोय," नरहर माझ्या कानात पुटपुटला. "लिहून घे, माणिकराव. अपराधी माणूस नेहमी फिल्टरवर घसरतो."

मी लिहून घेतलं नाही.

दुसरा सिद्धांत गळतीचा. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की तिथून हवा निसटतेय. पद्धत चांगली आहे. नरहरनं वहिनींची कपड्यांच्या पावडरची अख्खी पुडी वापरली. बुडबुडे सगळीकडूनच आले. इंजिन दिसेनासं झालं. शेजारचे शुक्लाजी कुंपणावरून बघून म्हणाले, "बहुत बढ़िया धुलाई हो रही है, साठे साहब!"

तिसरा सिद्धांत असा की मीटर फितूर आहे. नरहरनं त्याला टिचकी मारत उलटतपासणी घेतली. मीटर शून्यावर ठाम राहिला. गाडी बंद होती.

चौथा सिद्धांत ऐकून मात्र मला पेन्शनीत आल्याचं प्रथमच दुःख झालं. बँकेत असतो तर कामाच्या सबबीवर उठलो असतो. "ही लखनौची हवा आहे, माणिकराव," नरहर डोळे मिटून म्हणाला. "इंजिनाच्या दाराशी येते आणि एकमेकीला म्हणते, पहले आप! आत कुणीच शिरत नाही. पुण्याची हवा असती तर धक्का मारून घुसली असती."

"मग जुन्या टर्बोत कशी शिरत होती?"

"तेव्हा परिचय नव्हता."

सहलीच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी खोलली. अंगणात वर्तमानपत्रं पसरून सुट्या भागांची ओळखपरेड मांडली. एकेका भागावर भिंग धरून तो निकाल देत होता. "हा नळा? संशयास्पद. ही पट्टी? सराईत दिसते. आणि हा हवेचा फिल्टर..." तो उन्हात धरून त्यानं फिरवून फिरवून पाहिला. "नवा कोरा! पिशवीसुद्धा झकास. धुळीचा एक कण नाही. निर्दोष मुक्तता."

आम्ही जेवायला आत गेलो. वहिनी चिवडा थंड करत परातीशी बसल्या होत्या.

"एवढा चिवडा न्यायचा कशात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "डबे सगळे पुऱ्यांना गेले."

"बघ काहीतरी," नंदकुमार म्हणाला. गाडीचे अवयव अंगणात पडलेले असताना त्याला चिवडा सुचणार कसा! त्यांनी बघितलं.

दुपारी नरहरनं भाग परत जोडले. शेवटी दोन स्क्रू उरले. 'हे मुळातच जास्त होते' असं म्हणून त्यानं ते खिशात टाकले. गाडी सुरू झाली, रस्त्यावर गेली, नंदकुमारनं पाय दाबला आणि मी सीटच्या पाठीला चिकटलो. काटा टुणकन एकावर! नंदकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय केलंत नेमकं, नरहरपंत?"

"ते दोन स्क्रू," नरहर हातमोजे चढवत म्हणाला. "हवा तिथं अडकत होती. उद्या निघायचं किती वाजता?"

वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी हातमोज्यांकडे बघितलं आणि त्या आत गेल्या.

सकाळी मंडळासमोर बस उभी होती. नरहर गाडीच्या दाराशी हातमोजे घालून लोकांना स्क्रू दाखवत होता. वहिनींनी चिवड्याची पिशवी माझ्या हातात दिली. "माणिकभाऊजी, जरा धरा. सांभाळून, गळतेय."

खरंच गळत होती. माझ्या बुटांवर तिखट-मीठ पडत होतं. जाड, उत्तम पिशवी, पण सर्वांगाला बारीक बारीक भोकं.

"वहिनी, पिशवीला भोकं कशी?"

"होतीच ती. यांनीच पाडली असणार, माझा काटाचमचा वाकडा झालाय."

"नंदकुमार," मी विचारलं, "ही पिशवी कुठली रे?"

"फिल्टरची. नवा फिल्टर मळू नये म्हणून ठेवली होती तशीच. भोकं हवा जायला." तो थांबला. "ती इथं कशी?"

"काल अंगणातून काढून घेतली," वहिनी म्हणाल्या. "चांगली होती."

धूळ खाण्यासाठीच जन्माला आलेल्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून या गृहस्थानं तिला रेनकोट घातला होता! मी पिशवी वर धरली. चिवड्याच्या अलीकडे ठळक अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं, की बसवण्यापूर्वी पिशवी काढावी. बसमधल्या लोकांनी ते मोठ्यानं वाचलं. काहींनी दोनदा वाचलं.

वहिनींनी पदर खोचला आणि तळहात पुढे केला. नंदकुमारनं बसकडे पाहिलं. सगळी बस त्याच्याकडे पाहत होती. त्यानं किल्ली दिली.

"पुरावा तुम्ही काढून नेलात, वहिनी," मागच्या सीटवर माझ्यावर घसरत नरहर म्हणाला. "सांगायचं नाही कुणाला? मला मात्र पहिल्यापासून तुमच्यावरच संशय होता."

अमौसी कधी आलं नि गेलं ते कळलं नाही. वहिनींनी ट्रॅक्टर मागे टाकले, ट्रक मागे टाकले. 'हळू' म्हणायला नंदकुमारनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वहिनींनी त्यात चिवडा घालायला मला सांगितलं.

बिठूरला घाटावर पुऱ्या झाल्या, गहिवर झाला. उन्हं कलल्यावर नंदकुमार हळूच खिसे चाचपू लागला. "शब्द बिठूरपर्यंतचाच होता," तो मला म्हणाला. "परत मी चालवणार. पण किल्ली कुठं ठेवली हिनं?"

नरहरनं ते ऐकलं मात्र! हातमोजे काढले, भिंग काढलं आणि घाटाच्या पायऱ्यांवर ओणवा होऊन किल्लीचोराच्या पावलांचे ठसे शोधू लागला. नंदकुमार त्याच्या मागोमाग ओणवा. तेवढ्यात वरच्या अंगाला इंजिन सुरू झालं आणि हॉर्न वाजला.

"कुणाची गाडी आहे ती?" नरहर मान वर न करता ओरडला. "बंद करायला सांग, माणिकराव! मला विचार करता येत नाहीये."

मी जाऊन पुढच्या सीटवर वहिनींशेजारी बसलो.