सातवी रांग, आसन बारा

"पोर ओरडतंय तोवर निवांत कॉफी पी. गप्प झालं की धाव," असं कोटघरातल्या गेर्लिंडबाईंनी वीब्केला सांगितलं, तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच कामावर आली होती. गेर्लिंडबाई तीस वर्षं संगीतगृहाच्या दारात लोकांचे कोट टांगत होत्या. हेच सभागृहालाही लागू आहे, असंही त्या पुढे म्हणाल्या. वीब्के हसली. एक पोर सांभाळणं वेगळं आणि बाराशे सुशिक्षित माणसं सांभाळणं वेगळं, असा तिचा समज होता. तिचं नवं पद होतं शांतता-समन्वयक; अर्धवेळ, पहिले सहा महिने उमेदवारीचे.

संगीतगृहाचे संचालक डॉ. एकेहार्ड ट्राउटवाइन यांची सगळी कारकीर्द शांततेवर उभी होती. पहिल्या शहरात त्यांनी रचनेच्या दोन भागांमध्ये चुकून वाजणाऱ्या टाळ्या बंद केल्या. म्हणून त्यांना दुसरं शहर मिळालं. दुसऱ्या शहरात त्यांनी करकरणारे बूट बंद केले आणि हे तिसरं मिळालं. त्यांना स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नसे, पण कुणी केव्हा गप्प बसावं याची जाण मात्र उपजत होती. आता राजधानीतल्या मोठ्या सभागृहाची खुर्ची रिकामी होत होती आणि तिथली निवड समिती एका रविवारी सकाळच्या मैफलीला यायची होती.

सुधारणा टप्प्याटप्प्यानं झाल्या. खोकल्याच्या गोळ्या कोटघरातल्या वाडग्यात पूर्वीपासून फुकट असत. कागद वाजतो म्हणून त्या सोलून ठेवण्यात आल्या. दुसरी गोळी काढताना खिसा वाजतो म्हणून एका सिंफनीला एक पुरेल अशी, चांगली सुपारीएवढी गोळी बनवून घेण्यात आली. मध्यंतरात लोकांना बोलायची सवय लागते, तेव्हा मध्यंतर रद्द झालं. मान वळवली की कॉलर घासते, तेव्हा मान वळवणंही. शेवटी प्रत्येक आसनाखाली आवाज टिपणारं यंत्र बसलं. आवाज होताच लागणारे त्यांचे बाराशे दिवे वीब्केच्या काचेच्या खोलीत होते.

त्यातले अकराशे नव्व्याण्णव दिवे हळूहळू विझले. सातव्या रांगेतला बारावा मात्र दर रविवारी लागायचाच.

तिथे श्रीयुत ओस्वाल्ट बसत. वय एक्क्याऐंशी, निवृत्त ट्रामचालक. त्या शहरात वर्षाच्या वर्गणीनं राखलेलं आसन वारसासाठी मृत्युपत्रात लिहून ठेवतात. हे त्यांना वडिलांकडून आलेलं. संथ भाग सुरू होण्याआधी त्यांना एक दमदार खोकला येई, आणि वादकांना त्याची इतकी सवय झालेली की तो आल्याशिवाय कुणी गज उचलत नसे. ते वीब्केच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत, आणि पाळणाघर बंद असलं की तिच्या लेकीला तेच सांभाळत.

"या आसनाचं काहीतरी करा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "समितीसमोर मला शून्य हवं."

"म्हातारे आहेत ते, डॉक्टरसाहेब."

"वयाला माझी हरकत नाही. वयाचा आवाज होत नाही." मग त्यांनी सहज आठवण करून दिली की वीब्केचे सहा महिने त्याच रविवारी संपतात.

तिने रीतसर पत्र लिहिलं: आणखी एक उल्लंघन झाल्यास आसन प्रतीक्षायादीकडे जाईल. ते टपालात टाकायची लाज वाटली, म्हणून स्वतःच गोळी घेऊन जिना उतरली.

श्रीयुत ओस्वाल्टनी पत्र दोनदा वाचलं. "खोकला काय मी मुद्दाम काढतो, बाई? अकरा नंबरात माझी बायको बसायची. ती गेल्यावर ती जागा गेली. आता हीपण घेता?"

"एकच रविवार. ही तोंडात धरायची, आणि आलाच तर आत दाबायचा."

"तुझी नोकरी आहे ना यात?"

वीब्केने दाराशी उभ्या बाबागाडीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "दाबतो."

रविवारी अकराला मैफल सुरू झाली. समितीचे तिघं काचेच्या खोलीत दिव्यांसमोर बसले. पहिला भाग संपला, वादक सवयीनं क्षणभर थांबले. बारावा दिवा लागला नाही. देव पावला, असं वीब्केला वाटलं. समितीच्या बाईंनी काचेतून बोट दाखवून विचारलं, तो मान छातीवर टाकलेला गृहस्थ कोण? आमचा सर्वांत जुना श्रोता, डॉक्टरसाहेब म्हणाले. बघा कसा तल्लीन झालाय. समितीने टिपून घेतलं: आदर्श श्रोता.

सभागृह रिकामं झालं. गेर्लिंडबाई एक राखाडी कोट हातावर घेऊन वर आल्या. "हा एक राहिला. माणूस कुठाय?"

तेव्हा कुठे वीब्केला बाळांच्या प्रथमोपचाराचा वर्ग आठवला. घशात काही अडकलं की मूल ओरडत नाही, असं तिथल्या नर्सने फळ्यावर लिहिलं होतं. ती धावली. श्रीयुत ओस्वाल्ट अजून तल्लीनच होते. गोळी अर्धीही विरघळली नव्हती.

चौकशी चोख झाली. दहाव्या आसनावरच्या बाईंनी अभिप्राय-पत्रात नोंदवलं होतं की संथ भागाच्या आधी बारा नंबरच्या शेजाऱ्यांनी मधल्या, त्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरून हात टाकून आपली बाही घट्ट धरली, पण आपण नियमानुसार मान वळवली नाही. आणि सुदैवाने आवाजही झाला नाही. त्यांना दोन मोफत प्रवेशिका देण्यात आल्या. यंत्रानुसार मैफलीत कोणताही व्यत्यय आला नव्हता, त्यामुळे शून्य कायम राहिलं. डॉक्टरसाहेबांना राजधानी मिळाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत शिस्त पाळणाऱ्या श्रोत्यांचे आभार मानले. वीब्के कायम झाली. पहिलं काम म्हणून तिने सातव्या रांगेतलं आसन बारा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला दिलं.

नव्या हंगामाच्या पत्रिकेत तिने तळाशी एक ओळ घातली होती: शेजारी गप्प झाला, तर एकदा वळून बघा. ती वाचून लोक माना वळवतील, म्हणून नव्या संचालकांनी ती काढली. तेव्हा वीब्केचं आता तुमच्याकडेच मागणं आहे. तुम्हीही इथवर अगदी शांतपणे वाचत आलात. पलीकडच्या खोलीतला, रोज तुमचं लक्ष उडवणारा तो खोकला आज बराच वेळ आला नाही, आणि तुम्हाला जरा बरंच वाटलं. एकदा उठून बघून याल का?