झाकणांची शिस्त

"या गोळ्यांनी पाच दिवसांत अंगावरून जाणं थांबलं नाही, तर ऑपरेशनचं बघू," असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आज सहाव्या दिवशी नवरा-बायको पुन्हा दवाखान्यात आले होते. थांबणं तर सोडाच, वर चक्कर सुरू झाली होती. ऑपरेशन या शब्दानेच बायकोचे हातपाय गार पडत होते.

नवऱ्याला काही उमजेना. कारखान्याचं स्टोअर तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेला माणूस. घरात औषध आलं की गोळ्या पाकिटातून सोडवायच्या, एकसारख्या बाटल्यांत भरायच्या आणि झाकणावर नावाची चिठ्ठी डकवायची, ही त्याची शिस्त. या खेपेला तर बाटल्या भरल्यावर त्याने सगळी झाकणं काढून, पुसून लख्ख केली होती.

"गोळी नेमाने घेतली ना?" ऑपरेशनचा कागद पुढे ओढत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी स्वतः देतो. घड्याळ लावून!" त्याने ऐटीत बाटली टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी गोळी तळहातावर घेतली. "अहो, ही रक्तदाबाची आहे. म्हणूनच यांना चक्कर येतेय."

"छे! रक्तदाबाची मी घेतो."

"मग तुम्ही काय घेताय?"

त्याला ती पुसलेली झाकणं आठवली. परत लावताना अदलाबदल झाली होती!

"म्हणजे... बायकांचं हार्मोन माझ्या पोटात? बाई, आता माझं कसं होणार?"

"पाच दिवसांत काही होत नाही. प्रोजेस्टिन म्हणतात त्याला. शरीरातल्या हार्मोनसारखंच, फक्त प्रयोगशाळेत बनवलेलं. गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं, म्हणून रक्त थांबतं. तुमच्याकडे धरून ठेवायला अस्तरच नाही."

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनचा कागद बाजूला सारला. "हे आता नको. आधी खरी गोळी तर यांच्या पोटात जाऊ दे." बायकोच्या जिवात जीव आला. मग डॉक्टरबाईंनी दोघांचाही रक्तदाब मोजला. तिचा खाली, त्याचा वर.

"तुम्हाला काही त्रास?" त्यांनी त्याला विचारलं.

"खूप! पोट फुगतंय. अंग जड. उगाच चिडचिड होते. काल तर बातम्या बघता बघता रडू आलं हो मला!" त्याचा आवाज खरंच कापरा झाला. "काहीतरी द्या ना यावर."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं, तोच बायकोने त्यांचा हात धरला.

"काही लिहू नका, बाई. मला हे सगळं गेली तीस वर्षं दर महिन्याला होतंय. यांच्याकडे त्यावर औषध आहे, दर वेळी मला देतात ते." ती नवऱ्याकडे वळली. "मनावर घेऊ नका हो. आणि उठा, स्वयंपाकाचं बघा."