शिडी फक्त चढण्यापुरती

कार्यालयाच्या गच्चीवरच्या पाटीचा दिवा गेला आणि तो बदलायला वायरमन दुपारी वर चढला, एवढीच मूळ घटना. इमारत एकमजली, पण चांगली उंच. वर काही नव्हतं म्हणून जिना बांधला नव्हता आणि जिना नव्हता म्हणून वर काही होत नव्हतं. चढायचं तर भांडारातून शिडी मागवावी लागे. वायरमनला घाई होती. त्याच्या लेकीला परगावी नोकरी लागली होती, संध्याकाळच्या बसने ती निघणार होती आणि तिला बसमध्ये बसवून द्यायला येतो म्हणजे येतोच, असं तो घरी सांगून आला होता. आजवर तिच्या प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी कुठला ना कुठला दिवा जायचा आणि हा जायचा तो लावायला. या वेळी मात्र चुकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दिवा लावून वळतो तो काय, शिडी नाही. भांडारपाल ती खांद्यावर टाकून निघालेला.

"अहो भाऊ, मी वर आहे अजून."

"दिसतंय की. मागणीत लिहिलंय, गच्चीवर चढण्यासाठी. चढलात ना? मग शिडीचं काम झालं."

"आणि उतरू कसा?"

"उतरण्याची वेगळी मागणी करा. फक्त स्वतः येऊन करा, निरोप चालत नाही."

भांडारपाल माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातून आजवर एक खिळासुद्धा विनाकारण बाहेर गेला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला रास्त अभिमान होता.

प्रकरण सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलं. ते डोक्यावर हेल्मेट चढवून अंगणात आले, वर पाहिलं आणि खेदाने मान हलवली. त्यांचा या विषयाचा अभ्यास दांडगा. कार्यालयात आजवर जे जे पडले ते सगळे खालच्या दिशेनेच पडले, वरच्या दिशेने पडल्याची एकही नोंद नाही, हा निष्कर्ष त्यांचाच. तेव्हापासून उतरणं धोक्याचं ठरवून बंद केलेलं होतं. चढायला मुभा होती.

एव्हाना साहेबांच्या कानावर गेलं की एक वायरमन त्यांच्या केबिनच्या बरोबर वर, म्हणजे थेट डोक्यावर बसलाय. साहेबांचा पारा चढला. कार्यालयप्रमुखाच्या वर बसायचं तर पदही वरचंच हवं, असा नियम. वायरमनला खाली आणणं सुरक्षेत बसत नव्हतं, म्हणून त्याचं पदच वर नेण्यात आलं. आदेश सुतळीला बांधलेल्या टोपलीतून गच्चीवर रवाना झाला. पाठोपाठ दोरखंडाने खुर्ची चढली, छत्री चढली आणि टेबलावरची घंटीही चढली.

वायरमन कठड्यावर वाकून काकुळतीला आला होता. पद राहू द्या, शिडी तेवढी द्या, लेक वाट बघतेय, असं सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली. तेव्हा आवक-जावकच्या कारकुनाने, जो रोज त्यालाच चहा आणायला पिटाळायचा, टोपलीतून चहा वर पाठवला आणि हात जोडून 'साहेब' म्हणाला. वायरमनला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या कपाला तो म्हणाला, साखर कमी आहे.

वरच्या अधिकाऱ्याची सही लगेच मिळते, ही बातमी बाहेर फुटायला कितीसा वेळ लागणार? अंगणात रांग लागली. कोणाचा नळ अडला होता, कोणाचा दाखला अडला होता. माना वर करून लोक आपापले अर्ज टोपलीत टाकत. कामं झाली की यांच्यातलाच कोणीतरी शिडी आणेल, म्हणून त्याने पहिल्या सह्या केल्या. पुढच्या का केल्या, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. भाव चढत गेला, तसा आवाजही चढत गेला.

तेवढ्यात लेक आली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने समोरच्या रंगाऱ्याची शिडी ओढत. तिने ती रांगेतून वाट काढत नेऊन भिंतीला टेकवली.

"बाबा, या लवकर. बस सुटायला अजून थोडा वेळ आहे."

वायरमन उठला, खरंच उठला. एक पाय शिडीवर ठेवला आणि खाली पाहिलं. सगळ्या माना वर, सगळे हात जोडलेले. खाली पोचलं की पहिलाच माणूस म्हणणार, अरे ए, तो पंखा बघ जरा. त्याने पाय मागे घेतला.

"शिडी कोणाच्या परवानगीने लावली?"

"बाबा, मी आहे."

"ते ठीक आहे. पण रीतसर अर्ज कर. आणि रांगेतून ये."

ती वर बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. शिडी उचलली, रंगाऱ्याला परत दिली आणि बॅग घेऊन कोपऱ्यावरून वळली. वरून रस्ता लांबवर दिसत होता. हाक मारायला तोंडही उघडलं त्याने. पण टोपली वर आली होती.

काय हा बाप, असं म्हणाल तुम्ही. खुशाल म्हणा. पण शिडी लागलेली असताना खाली एवढी माणसं होती, त्यांतल्या एकाच्याही तोंडून 'साहेब, आधी उतरा, पोरगी निघालीय' एवढं निघालं नाही. निघालं असतं, तर सही कोणी केली असती? आणि शिडी रांगेच्या आड येतेय, ताई, जरा बाजूला घेता का, असं तिला अगदी नम्रपणे म्हणालात, ते तुम्हीच ना?