परबांची कट्यार

डिलाईल रोडवरच्या आमच्या इमारतीतले परब कुणाकडेही गेले, की चहाआधी स्वयंपाकघरात शिरून सुऱ्या तपासतात. आमची सुरी त्यांनी तळहातावर तोलली आणि म्हणाले, "वहिनी, हिने तुम्ही टोमॅटो कापत नाही, नुसता दटावता."

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात संग्रहालयात काचेमागे पाहता ती हत्यारं परबांच्या बाहेरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी टांगलेली आहेत. बिचवा, जंबिया, कट्यार. "पात्यावर जाऊ नका, मूठ बघा," हे त्यांचं पालुपद. बिचव्याचं पातं वळणदार का, हे त्यांनी एका वाढदिवसाला, केकची प्लास्टिकची सुरी हातात धरूनच, इतकं सविस्तर सांगितलं की मेणबत्त्या क्रीममध्ये विझल्या. एवढे शूर, पण घरात झुरळ निघालं की एकच आरोळी, "शालन!"

शालन त्यांची बायको. ती झाडू घेऊन यायची आणि येता येता परबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मालवणीत, खड्या आवाजात. आम्हाला टीव्ही लावावा लागत नसे.

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. चालू लागली, पण उजव्या हाताची जेमतेम मूठ वळायची, बोटांत सुरी टिकायची नाही. स्वयंपाकाला बाई आली. शालन ओट्याकडे पाठ करून बसू लागली, आणि बोलेनाशीच झाली. परब मात्र सारखे सुताराकडे. "बायको अशी, आणि ह्यांना हत्यारं सुचतायत," असा इमारतीने निकाल दिला.

मग एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर भेंडी आणि एक चमत्कारिक सुरी. पातं भाजीचं, मूठ कट्यारीची. दोन दांड्या, मधे आडवी पट्टी.

"बोटांचं कामच नाही, वहिनी. पट्टी मुठीत धरायची. जोर कोपरापासून येतो."

त्यांनी सुरी शालनपुढे धरली. तिने हात मागे घेतला. आपल्यात सुरी हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची.

"हातात देव नको," ती पुटपुटली. "भांडान होता."

परबांनी तिची मूठ उघडली, पट्टी आत सरकवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"होवंदे गो," ते म्हणाले. "किती दिवस झाले, तू भांडूकच नाय."